लाईट आली, नेट आलं, तरी स्पीकर गप्प?

नमस्कार मंडळी. लाईट जाऊन आली, मोबाईलवर नेट सुरू झालं, आणि स्मार्ट स्पीकर मात्र 'इंटरनेट नाही' म्हणतोय. अशा वेळी मोठा प्लॅन घेऊ नका. गाणं ऐकायला एक एमबीपीएससुद्धा पुरतो. दुखणं असतं राउटर आणि स्पीकरच्या मधे.

आधी जागा बघा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) 5 गिगाहर्ट्झ लवकर दमतो, 2.4 बऱ्यापैकी पार होतो. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाला चिकटून नको. स्पीकरच्या जागी मोबाईल धरा आणि वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडा. सिग्नलचा आकडा (डीबीएम) उणे 65 च्या आसपास उत्तम. उणे 75 च्या खाली गेलात तर कनेक्शन तुटत राहणार.

(राउटरचं पान दाखवा)

आता राउटरच्या सेटिंगमध्ये या. पत्ता खालच्या स्टिकरवर असतो. 'स्मार्ट कनेक्ट' (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सोय) बंद करा, दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. लांबच्या खोलीतला स्पीकर 2.4 वर जोडा. 2.4 चा चॅनल, म्हणजे बँडमधली लेन, 'ऑटो' ठेवू नका. 1, 6 किंवा 11 यांतला सगळ्यात मोकळा निवडा, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. 3 किंवा 4 निवडलात तर 1 आणि 6 दोन्हींवरच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये डझनभर नेटवर्क दिसत असतील आणि स्पीकर राउटरच्याच खोलीत असेल, तर मात्र 5 वरच ठेवा.

आता लाईटचा घोळ, हे नीट ऐका. स्पीकर इन्व्हर्टरवर आणि राउटर नाही, असं बऱ्याच घरांत असतं. लाईट गेली की राउटर बंद, स्पीकर चालूच. बरेच राउटर बंद पडले की कुणाला कोणता आयपी (घरच्या नेटवर्कमधला नंबर) दिला होता ते विसरतात. मग स्पीकरकडे असलेलाच आयपी दुसऱ्या मोबाईलला जाऊ शकतो, आणि दोघंही अडकतात. उपाय साधा आहे: राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' उघडा, स्पीकरच्या अ‍ॅपमधला मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाका, आयपी कायमचा बांधून द्या.

शिवाय राउटरला मिनी यूपीएस (लाईट गेल्यावर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) लावाच. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नाहीतर वायफाय दिसेल पण नेट नसेल.

फोनवरून स्पीकर सापडत नसेल तर तो गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, आहे का बघा. आणि कधी राउटर बदललात, तर नव्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि जुनीच सिक्युरिटी द्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट. स्पीकर आपणहून जोडला जाईल.