एसी लावला की मीटर का लुकलुकतो?

(दृश्य : पसरणी घाट, पावसाळी धुकं, वायपर सुरू.)

जुलैत वाईहून पाचगणीकडे चढताना गाडीची काच आतून धुरकट होते. एसी लावला की तो आतल्या हवेतला दमटपणा काढून घेतो आणि काच साफ होते. पण नेमकं तेव्हाच डॅशबोर्डवरच्या मीटरमधला एखादा दिवा लुकलुकला, टचस्क्रीन बंद पडून परत सुरू झाली, तर गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "मीटर गेला, बदलावा लागेल." महागडा मीटर बदलण्याआधी तीन ठिकाणं बघायलाच हवीत, असं आमचं ठाम मत आहे.

(दृश्य : बॉनेटखालचा कॉम्प्रेसर.)

पहिलं ठिकाण क्लचचं. ही 'टक्' ऐकलीत? एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच पकडला, म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरायला लागला. पुलीमागे तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यातून साधारण ३ ते ४ अँपिअर करंट जातो. तो तुटला की कॉइलमधलं चुंबकत्व एकदम ओसरतं आणि क्षणभर उलटा झटका उठतो. तो रोखला नाही, तर शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि गाडीची वायरिंग आहे १२ व्होल्टची! म्हणून बऱ्याच गाड्यांत कॉइलला हा झटका जिरवणारा एक छोटा भाग, डायोड, जोडलेला असतो. तो उडाला तरी एसी गारच राहतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. क्लच सुटताना रेडिओत खरखर आली, तर आधी डायोड तपासा.

दुसरं ठिकाण अर्थिंगचं, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेचं. ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, चारवर टाकला की त्याचा जड करंट अर्थिंगच्या बोल्टवाटे बॉडीत जातो. काही गाड्यांत मीटरची अर्थिंगही त्याच बोल्टला असते. तिथे गंज धरला, तर ब्लोअर वाढवताच मीटरला मिळणारा व्होल्टेज घटतो. इंजिन आणि ब्लोअर सुरू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी त्या बोल्टला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर बोल्ट खोलून घासून घ्या. खंबाटकी घाटात रांगेत उभं असताना त्रास होत असेल, तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि त्याचा बेल्टही बघा.

(दृश्य : डावीकडचं ओलं कार्पेट.)

तिसरं ठिकाण पाण्याचं, आणि सातारच्या पावसाळी पट्ट्यात आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल शून्याच्या थोडीच वर असते. तिच्यावर हवेतली वाफ जमून पाणी होतं आणि ड्रेन पाइपमधून गाडीखाली गळतं. पाइप धूळ-पाचोळ्याने तुंबला की तेच पाणी आत, पायांशी उतरतं. अनेक गाड्यांत तिथेच फ्यूज बॉक्स, कंट्रोल युनिट किंवा वायरिंगचे कपलर (तारा जोडणारे सॉकेट) असतात. ओल्या कपलरच्या पिनांवर हिरवट साका धरतो. मग दिवे मनाला येईल तेव्हा लागतात, काच आपोआप खाली येते. उन्हात गाडी सुकली की सगळं पुन्हा ठीक, म्हणून दोष सापडायला उशीर होतो. एसी बराच वेळ चालूनही दमट दिवसांत गाडीखाली थेंब पडत नसेल, तर कार्पेट उचलून हात लावून बघा.

गॅरेजमध्ये "मीटर बिघडलाय" एवढंच सांगू नका. दिवा कधी लुकलुकतो, ते सांगा : क्लचच्या 'टक्'बरोबर, ब्लोअर वाढवल्यावर, की पावसाच्या दुसऱ्या दिवशी? त्यावरून आधी काय खोलायचं, ते वायरमनला ठरवता येईल.