वडस कापण्याआधी एक फोटो

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका नेत्रतज्ज्ञाने दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे डोळ्यात काही पांढरट-लालसर वाढलेलं दिसलं की घरातली म्हातारी माणसं एका शब्दात निदान करतात, ‘वडस आलंय.’ निपाणीच्या तंबाखूच्या रानात, चिकोडी-संकेश्वरच्या उसात, खानापूरच्या भातात ज्यांचं आयुष्य उन्हात गेलं, त्यांच्यात वडस खरंच पुष्कळ दिसतं आणि दहापैकी नऊ वेळा म्हातारीचं बरोबरच असतं. माझं आजचं बोलणं उरलेल्या एकाबद्दल आहे, म्हणजे वडसासारखीच दिसणारी, पण कर्करोगाची किंवा त्याआधीच्या टप्प्यातली जी गाठ असते, तिच्याबद्दल. (हे दहा-नऊ बोलण्यापुरतं, उद्या आकडेवारी म्हणून छापू नका.)

निपाणीकडच्या एक आजी आल्या होत्या. आधी कुणीतरी वडस म्हणून कापलं होतं. वर्षाच्या आत ते पुन्हा उगवलं. मी विचारलं, ‘कापलेला तुकडा तपासायला दिला होता काय?’ मुलगा म्हणाला, ‘तुकडा? त्यो टाकूनच दिला असंल की.’ तो तुकडा तपासला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं.

काळं बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतो, त्या कडेवर पेशी सतत नव्या होत असतात. तिथेच ही गाठ सुरू होते, आणि तीही बहुधा उघड्या पापण्यांच्या मधल्या, ऊन लागणाऱ्या पट्ट्यात. उन्हातली अतिनील किरणं हे मोठं कारण. एचआयव्ही हे दुसरं, म्हणून रुग्ण तरुण असेल तर आम्ही ती चाचणी करायला सांगतो. लोक चपापतात, पण विचारावंच लागतं. वडसही याच कडेवर येतं. नुसत्या डोळ्यांनी दोघांत फसगत होते. तज्ज्ञांचीही होते, माझीही झाली आहे.

इथे ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, कामाला येतं. प्रकाशाने काढलेली सोनोग्राफी म्हणा. सोनोग्राफीत आवाज आत जाऊन परत येतो, तो किती वेळाने आला ते मोजतात. प्रकाशाचं तसं मोजता येत नाही. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, त्याला घड्याळ लावणार कोण? म्हणून युक्ती केली. एकाच किरणाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा आरशाकडे. परत आल्यावर दोघांना एकमेकांत मिसळायचं. दोघांची वाट जवळजवळ सारखी लांब असेल तेव्हाच लाटा जुळतात. त्या जुळण्यावरून कळतं, डोळ्यातला प्रकाश किती खोलीवरून परतला. 1991 साली अमेरिकेत हे तंत्र पहिल्यांदा मांडलं गेलं, तेव्हा डोळ्यापुरतं मुख्य लक्ष पडद्याकडे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागाकडे होतं. आज शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांत हे यंत्र मधुमेहाचे डोळे तपासायला असतंच. बऱ्याच यंत्रांना एक जादा भिंग लावलं की तेच डोळ्याच्या पुढच्या भागाचाही फोटो काढतं. डोळ्याला काही टेकवायचं नाही, कापायचं नाही. ‘लेझर हाय व्हय? दुखंल काय?’ आजींनी विचारलं. सांगेपर्यंत फोटो निघाला होता.

आता फोटोत काय बघायचं? टम्म फुगलेली भाकरी डोळ्यांपुढे आणा. वर पातळ पापुद्रा, खाली जाड भाग. बुबुळावरचा असा पापुद्रा साधारण 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाहूनही बारीक. वडसात हा पापुद्रा जसाच्या तसा पातळ राहतो, मांस भरतं ते त्याच्या खाली. गाठीत उलटं. पापुद्राच सुजतो, बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या पुढे जातो आणि फोटोत पांढराशुभ्र चमकतो. शिवाय निरोगी आणि बिघडलेला भाग यांच्यामधली सीमा एकदम तुटक असते, शेताचा बांध दिसावा तशी. आजींच्या फोटोत तो बांध इतका स्पष्ट होता की, मी मुलाला स्क्रीनजवळ बोलावून दाखवला.

पण यंत्राला देव करू नका. गाठ फार जाड असली, वर कडक पांढरा थर साचला किंवा ती काळ्या रंगाची असली, तर खाली सावली पडते आणि तळ दिसत नाही. मग गाठ किती खोल रुतली, हे फोटो सांगत नाही. शेवटचा शब्द बायोप्सीचाच, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा. कापावं लागलं तर शस्त्रक्रियेत तुकडा जातोच पॅथॉलॉजीकडे, निदान जायला हवा.

सगळ्यांना कापावंच लागतं असंही नाही. पेशींची वाढ रोखणारे थेंब असतात. त्यांतल्या एका औषधाची पद्धत अशी की, आठवडाभर दिवसातून चार वेळा घालायचे, मग तीन आठवडे सुट्टी, असे फेरे. इथेच ओसीटीचा मला सर्वांत जास्त उपयोग वाटतो. दोन-तीन फेऱ्यांत डोळा वरून स्वच्छ दिसू लागतो, रुग्ण म्हणतो झालं, आणि थेंब बंद करतो. कधी कधी पापुद्रा अजून जाडच असतो.

आजींचं तेच झालं. तिसऱ्या फेऱ्यानंतर आरशात काही दिसेना. उसाची तोड सुरू, रोजच्या येण्या-जाण्याचा खर्च, ‘बास करा की आता डॉक्टर.’ मी नवा फोटो दाखवला. कडेला पांढरी रेघ एका ठिकाणी अजून फुगलेली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला, स्क्रीनवर बोट ठेवलं नि विचारलं, ‘ही गेली की बंद?’

‘ही गेली की बंद.’

आणखी दोन फेरे झाले. मग त्या म्हणाल्या, आधी फोटो काढा, मग बोलू.