मौन म्हणजे संमती नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. करार बंधनकारक केव्हा होतो, हा आजचा विषय. एकाने निश्चित प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला, हा स्वीकार पहिल्याला कळवला आणि व्यवहारात मोबदला ठरलेला असला, म्हणजे करार झाला. काही ठरावीक व्यवहार सोडले, तर तोंडी करारही तितकाच बांधून ठेवतो. मात्र तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात, ही गोष्ट वेगळी.

पण प्रस्तावाला उत्तरच दिले नाही तर? इंग्लंडमधल्या पॉल फेल्टहाउस यांना पुतण्या जॉनचा घोडा घ्यायचा होता. काकांच्या समजुतीप्रमाणे किंमत ३० पौंड होती, पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे ३० गिनी, म्हणजे ३१ पौंड १० शिलिंग. (नात्यातल्या व्यवहारात आकडा स्पष्ट बोलायचा संकोच वाटतो आणि पुष्कळ तंटे त्या संकोचातूनच उभे राहतात, असे माझे ठाम मत आहे.) काकांनी फरक निम्मा वाटून घेतला आणि लिहिले की, तुझ्याकडून काही कळले नाही, तर ३० पौंड १५ शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी समजेन. जॉनने उत्तर पाठवले नाही. त्याच्या मनात मात्र घोडा काकांनाच द्यायचा होता, म्हणून आपली जनावरे लिलावात काढताना त्याने लिलाव करणाऱ्या बिंडली यांना हा घोडा वगळायला सांगितले. बिंडली यांच्या चुकीने घोडा विकला गेला आणि काकांनी त्यांच्यावर दावा लावला.

१८६२ साली न्यायमूर्ती विल्स यांनी काकांच्या विरुद्ध निकाल दिला. पुतण्याने मनाशी ठरवले होते, लिलाव करणाऱ्याला सांगितलेही होते, पण काकांना कळवले नव्हते. लिलावानंतर त्याने लिहिलेले पत्र उपयोगाचे नव्हते, कारण लिलावाच्या दिवशी घोडा काकांचा झालेलाच नव्हता. पुन्हा सांगतो: मनातला होकार पुरत नाही, तो प्रस्ताव ठेवणाऱ्याला कळवावा लागतो. आपल्याकडे मौनाला संमतीचे लक्षण मानतात. करारात ते सहसा चालत नाही.

म्हणून ‘नकार न कळवल्यास आपली मान्यता गृहीत धरू’ असे पत्र अनोळखी विक्रेत्याने पाठवले, तर केवळ गप्प राहिल्याने सहसा करार होत नाही. मात्र त्याने पाठवलेली वस्तू आपलीच समजून वापरायला घेतली, तर त्या वागण्यातून स्वीकार झाल्याचे न्यायालय मानू शकते.