दक्षिणेच्या खिडकीतलं ऑलिव्ह

(दृश्य: गंगापूर रोडवरची एक इमारत, सकाळ. गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. बाजूला मातीच्या कुंडीत कंबरेएवढं झाड.)

डिसेंबर उजाडला की नाशिकची थंडी बातम्यांत येते. निफाडचा पारा उतरतो, शिवारात दवबिंदू गोठतात, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. ते पाहून शहरातली हौशी मंडळी कुंडीतलं ऑलिव्ह उचलतात आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवतात. मायेनंच ठेवतात. पण काही आठवड्यांत फरशीवर पानं दिसायला लागतात.

द्राक्षाला शेकोटी लागते, कारण ऑक्टोबरात छाटणी होऊन वेलीवर घड आलेले असतात. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, त्यांना तडे जातात. ऑलिव्ह मात्र या दिवसांत विसावलेलं असतं. भूमध्य समुद्राकाठचं हे झाड नीट मुरलं असेल, तर शून्याखाली काही अंशांपर्यंतही तगतं. थंडी त्याला हवीच असते, कारण गारवा मिळाला नाही तर पुढे फुलोरा धरत नाही. आपल्याकडे राजस्थानात २००७-०८ च्या सुमारास इस्रायलच्या सहकार्यानं ऑलिव्हची लागवड सुरू झाली, ती बिकानेरसारख्या कोरड्या हवेच्या, गार रात्रींच्या भागातही. तेव्हा नाशिकच्या थंडीत ऑलिव्ह गॅलरीत राहिलं तर उत्तमच.

गॅलरीच नसेल, तर घरात ठेवा. पण मग खिडकी त्याची. तीही दक्षिणेची.

(दृश्य: दुपार. खिडकीतून फरशीवर आत आलेला उन्हाचा पट्टा.)

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट घरात उतरतं. अथेन्सला त्याच दिवशी सूर्य ३० अंशही गाठत नाही. म्हणजे ऑलिव्हला त्याच्या मुलखात मिळतो त्याहून उंच सूर्य इथे मिळतो, तोही बहुतेक दिवस निरभ्र आभाळातून. फक्त कुंडी काचेला लागून हवी. दोन-तीन पावलं मागे सरकवली, तर आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पण झाडाच्या वाट्याचा प्रकाश झपाट्यानं घटतो. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, म्हणजे झाड एकाच अंगाला झुकत नाही.

आता पाणी. माझ्या मते घरातली बहुतेक ऑलिव्ह पाण्यानंच जातात. थंडीत वाढ मंदावते, मुळं कमी पितात, आणि आपण मात्र तुळशीबरोबर रोज त्यालाही तांब्याभर घालतो. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. निथळा महत्त्वाचा. नुसती काळी माती चिकटून बसते, म्हणून तिच्यात जाड वाळू किंवा बारीक मुरूम भरपूर मिसळलेला बरा. या दिवसांत खत देऊ नका.

(दृश्य: अगदी जवळून, उलटं धरलेलं पान.)

पान वरून हिरवं, खालून रुपेरी. हा रुपेरीपणा म्हणजे दाटीनं बसलेली सूक्ष्म लव. पानाची रंध्रं तिच्याखाली झाकलेली असतात, त्यामुळे झाड कोरड्या हवेतही ओल राखून असतं. रोज फवारा मारायची गरज नाही. पण पान असंच उलटं करून पाहत जा. मधल्या शिरेलगत तपकिरी, चपटे फुगवटे दिसले, बोटाला चिकटपणा लागला, फांदीवर मुंग्यांची रांग लागली, तर ती खवले कीड. बंद खोलीत ती फोफावते. जुन्या मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात खरवडून काढा, मग पानांच्या खालच्या बाजूनं निंबोळी तेल फवारा. आठवड्यानं पुन्हा पाहा. पिल्लं मागाहून निघतात.

संक्रांत उलटली, फेब्रुवारी लागला की कोंब हलायला लागतात. कुंडी बदलायची, आतल्या आडव्या फांद्या काढायच्या, ते या वेळी. झाड बाहेर नेताना आधी सकाळचं कोवळं ऊन द्या, मग हळूहळू दुपारचं. एकदम नेलं तर खिडकीआड आलेली नवी पानं करपतात. आणि जून लागण्याआधी कुंडीला पागोळ्यांपासून दूर, आडोशाची जागा शोधून ठेवा. तिकडचे उन्हाळे कोरडे असतात. आपला चार महिन्यांचा पावसाळा त्या मुळांना थंडीपेक्षा कितीतरी जड जातो.