काचेचं कौल

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ल्याजवळ माझ्या आत्याचं चिरेबंदी घर. ती गेल्यावर बारा वर्षं कुलूपबंद होतं. आम्ही भावंडांनी ठरवलं, ते विकायचं नाही. दवाखान्यातून सुटी मिळाली, पण घरी बघायला कुणी नाही, अशांनी तिथे राहून बरं व्हावं. चारच खाटा, जास्त नाहीत.

आधी भिंती. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण पाणी पितो ते पितोच. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. मधल्या काळात कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारला होता. त्यामुळे ओल आतच कोंडली, पोपडे सुटले आणि घरभर बुरशीचा वास भरला. दम्याचं माणूस अशा खोलीत कसं झोपणार? सगळा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा केला. चुन्याचा, श्रोतेहो, सिमेंटचा नव्हे.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक घाला, असं दहा जणांनी सांगितलं. मी घातले नाहीत. पेव्हरने खळं भट्टीसारखं तापतं आणि पावसाचं पाणी विहिरीला मिळायच्या ऐवजी गटारात जातं. आपल्या वाडीवाडीत हे चाललंय, त्याचं मला फार वाईट वाटतं. सारवलेल्या खळ्यावर अनवाणी चालून बघा.

मग छप्पर. माजघरावर पीओपीचं सीलिंग करायचं मीच ठरवलं होतं. वाशांवरून कचरा पडतो, पाली येतात, म्हणून. सामानही सांगून झालं होतं. पण पैसे कमी पडले आणि काम पावसानंतर करू म्हणून राहिलं. म्हणून पुढचं सगळं घडलं.

मे महिना होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी आल्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. फिजिओथेरपिस्ट ताई रोज सांगायच्या, आजी, दहा पावलं चला. आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. वॉकर कोपऱ्यात तसाच.

शेजारणीने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणून दिले. ते बघून आजी उठून बसल्या. मला साली काढायला लावल्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायला लावल्या आणि म्हणाल्या, ताटलीत घालून उन्हात ठेव. माजघरात ऊन कुठलं? तर आढ्याजवळ आत्याने बसवून घेतलेलं एक काचेचं कौल होतं. त्याचा वीतभर कवडसा खाटेच्या पायथ्याशी पडला होता. तिथे ताटली ठेवली आणि मी विहिरीवर गेले.

घराचं तोंड पूर्वेला. सूर्य चढतो तसा कवडसा मागच्या भिंतीवरून उतरतो, जमिनीवर येतो आणि उंबरठ्याकडे सरकत जातो. मी कळशी घेऊन आले, तर आजी उभ्या! वॉकर धरून, त्याच्या पायाने ताटली ढकलत होत्या. सोलं, म्हणजे त्या साली, सावलीत गेली होती ना.

दुसऱ्या दिवशी तेच. कवडसा हलला की आजी हलल्या. सकाळी दोन पावलं, अकराला चार, दुपारी आणखी. सोलांना पुन्हा रसाचं पूट द्यायला पातेल्यापर्यंत जायचं, परत यायचं. ताईंनी मोजणंच सोडून दिलं.

१९८४ साली अमेरिकेत रॉजर उलरिच या संशोधकाने पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २३ जणांना खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. आमच्या आजींना तर झाडही दिसत नव्हतं, नुसता कवडसा. तोही मी बंद करणार होते.

आठव्या दिवशी दुपारी कवडसा उंबरठ्याशी पोचला. आजीही पोचल्या. ओटीपलीकडे खळं उन्हाने भरलेलं. आजी चौकट धरून बघत राहिल्या आणि माझ्यावर ओरडल्या, "भायर येवढा उन पडलासा, आणि तुमी माका काळोखात कित्याक ठेवल्यात?"

ताटली त्या दिवशी खळ्यात गेली. संध्याकाळपर्यंत आजी पडवीत बसून कावळे हाकत होत्या.