दगडाखालचं पिवळं

(सकाळ. आयर्विन पुलावरून दिसणारी कृष्णा. पाणी संथ, काठाला धुकं.)

जानेवारीतली कृष्णा बघा. हिनं कधी कुणाच्या घरात शिरून भिंतीवर रेघ ओढली असेल, असं वाटतं का? हा सांगलीतला, १९२९ सालचा आयर्विन पूल. इथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. आमच्या पोरांना सतराचा पाढा अडतो, हे दोन आकडे झोपेत विचारले तरी अडत नाहीत.

मी गावभागात राहते. शाळेत विज्ञान शिकवते. आणि रंग करते. चित्रं काढते असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या गाईला मुलं अजून म्हैस म्हणतात. मला गोडी आहे ती रंग करण्याची. चित्र म्हणजे तो रंग कुठंतरी लावायचा, एवढंच निमित्त.

(स्वयंपाकघर. लहान पातेलं. फडक्यातून रंगाचं पाणी गाळणारे हात.)

फाल्गुनात पळस. मिरजेच्या पुढं एका बांधावर एक झाड आहे. रंगपंचमीच्या आधी जाऊन खाली पडलेली फुलं वेचायची, उकळायची, तुरटीचा खडा फिरवायचा. ज्येष्ठात जांभूळ. पावसाळा सरता सरता पारिजातक, म्हणजे त्याचे नुसते केशरी देठ. ते खुडत बसायला एक आख्खा रविवार लागतो आणि घरातल्यांची टोमणे न मारण्याची तयारी लागते. बाभळीच्या शेंगा उकळून त्या पाण्यात गंजके खिळे टाकून ठेवले की चार दिवसांत काळी शाई तयार. आमच्याकडं त्या बरणीला ‘खिळ्यांचं लोणचं’ म्हणतात.

प्रत्येक पानावर महिना आणि तिथी लिहिते. ऋतू बदलले का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात, जणू माझी वही म्हणजे वेधशाळा. एका पळसावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलाचे मी स्वतः गुण कापीन. पण परतीच्या पावसानं दिवाळीचे आकाशकंदील भिजवले, ती पानं वहीत आहेत. तेवढं सांगू शकते.

(हळदीचं वाळवण. पिवळ्या हळकुंडांवरून फिरणारा पाय.)

आणि हळद. सांगलीत राहून हळद टाळायची म्हटलं तरी टळत नाही. २०१८ साली हिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या नाकाला ते आधीच माहीत होतं. संक्रांतीच्या पुढंमागं काढणी सुरू होते. मग शिजवायची, दहापंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. माझ्या सासूबाई माहेरच्या शेतकरी. शहरात आल्यावरही दर माघात पाचदहा किलो ओली हळद आणून गच्चीवर वाळवायच्या. वाळवणापाशी त्या तशाच बसलेल्या असताना मी एकदा त्यांचं चित्र काढलं. पेन्सिलीनं त्या, आणि पुढ्यातला ढीग त्याच ढिगातल्या हळदीनं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “नाक माझं न्हाई हे. पण हळद झकास आलीया.”

त्या गेल्यावर ते पान मी फारसं उघडलं नाही.

(भिंत. रंगाखालून पुसट दिसणारी आडवी रेघ.)

ऑगस्ट २०१९. पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागला नणंदेकडं होतो. घाईत कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, कुकर का घेतला ते अजून कुणाला सांगता येत नाही. वह्या कपाटाच्या खालच्या खणात राहिल्या.

परत आलो तेव्हा घरात गाळ होता आणि तो वास. त्या वासाला नाव नाही. ज्यांच्या घरात पाणी येऊन गेलं त्यांना सांगावा लागत नाही. वह्यांचा एकच ठोकळा झाला होता. एकेक पान सुरीनं सोडवलं. निळी शाई गेली होती. जांभूळ गेलं होतं, पळस गेला होता. हळद मात्र होती! पिवळीधमक. कारण साधं आहे, दहावीच्या मुलालाही सांगता येईल. हळदीतलं रंगद्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पेन्सिलीचं ग्राफाइटही विरघळत नाही. म्हणजे त्या सगळ्या चिखलातून सासूबाई आणि त्यांची हळद, दोघीच तेवढ्या सुखरूप आल्या होत्या.

मी ते पान गच्चीवर वाळत घातलं. जिथं त्या हळद वाळवायच्या तिथंच. उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना नव्हे, घाईत कुठंही, चार दगड ठेवले. आणि खाली येऊन गाळ काढायला लागले. पंचनामा, औषधफवारणी, गाद्या फेकणं. गच्ची डोक्यातून पार गेली.

दहाबारा दिवसांनी वर गेले. ऊन कडक पडलं होतं. पान वाळलं होतं आणि पांढरं झालं होतं. कुर्क्युमिन पाण्याला दाद देत नाही, पण उन्हात टिकत नाही. हे मी मुलांना शिकवत होते. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात घालावा, असं आईनंही शंभरदा सांगितलं होतं.

पुरानं ठेवलं होतं ते. मी घालवलं.

(हरिपूर. जमिनीतलं पेव. अरुंद तोंड, आत अंधार.)

त्यानंतरच्या हिवाळ्यात नववीचा वर्ग घेऊन हरिपूरला गेले. कृष्णा-वारणेचा संगम पाहायचा होता, पण मला दाखवायची होती ती पेवं. जमिनीखाली रांजणासारखी पोकळी. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. त्यात हळद भरायची आणि वरून माती लिंपून टाकायची. आतली हवा हळूहळू बदलते, प्राणवायू कमी होतो, कीड जगत नाही. उजेड तर नाहीच. वर्षानुवर्षं हळद तशीच. एका आजोबांनी पोरांना सांगितलं, “उघडलं की लगेच उतरायचं नसतंय. आदी कंदील सोडायचा. इझला तर माघारी.” २००५ च्या पुरात यातली बरीच पेवं पाण्यानं गेली.

पोरं वाकून आत बघत होती. मी लांब उभी होते. मला गच्चीवरचं पान आठवत होतं, दुसरं काय.

(वर्ग. फळ्यावर दर्शकांचा तक्ता.)

आठवणीचं मी फार काही वाचलेलं नाही. पण मास्तरकीत एक कळतं, तीच गोष्ट दर वर्षी सांगावी लागते. पुराची गोष्ट मी दर जुलैत सांगते. मागं एकदा एक मुलगी उभी राहिली. “बाई, माझ्या ताईला तुम्ही पाणी बोर्डापर्यंत सांगितलंवतं. आता खिडकीपर्यंत कसं?” वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाऊन वही काढली. गाळ धुताना पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं, ‘स्विच बोर्डाच्या चार बोटं खाली.’ म्हणजे माझ्या घरातला पूर ओसरल्यावरही माझ्या तोंडात चढतच होता.

तेव्हापासून दोन पानं करते. एक वर्गाच्या खिडकीत लावते, अर्ध्यावर पुठ्ठा डकवून. दुसरं ट्रंकेत. खिडकीतलं किती दिवसांत फिकं होतं याची नोंद मुलं ठेवतात. जांभळावर त्यांची पैज लागते, हळदीवर नाही; हळदीचं सगळ्यांना ठाऊक झालंय.

(टेबल. वाळून आखडलेलं जुनं पान.)

हे ते गच्चीवरचं पान. पेन्सिलीतल्या सासूबाई, नाक चुकलेलं. पुढ्यात पांढरा ढीग. आणि हे चार पिवळे गोल. दगड होते तिथं. एक ढिगावर, दोन मोकळ्या जागेत सांडलेल्या हळदीवर, आणि एक त्यांच्या पदरावर. पदर मी हळदीनं रंगवला होता हे मी साफ विसरले होते. त्यांची ती साडी माझ्या डोळ्यांपुढं हिरवी यायची.

दर वर्षी नैसर्गिक दर्शकांच्या, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या पदार्थांच्या, धड्याला हे पान वर्गात नेते. हात लावू देत नाही. यंदा शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, “बाई, ही हळदच आहे कशावरून? नुसता चिखलाचा डाग असंल की.”

प्रश्न बरोबर होता. विज्ञानाच्या तासाला त्याला ‘गप बस’ म्हणता येत नाही. कोपऱ्यातला, सगळ्यात लहान गोल निवडला. त्याच्याच हातात साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी दिली.

टेकवली. पिवळं क्षणात लाल झालं, कुंकवासारखं.

तीन गोल उरलेत.

(पान ट्रंकेत जातं. झाकण लागतं. बाहेर शाळा सुटल्याची घंटा.)