दुखलं नाही तरी तपासा

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेह असलेल्या माणसाला तब्येत विचारली की बहुतेक वेळा उत्तर येतं, "छान आहे, काही त्रास नाही." यात तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही जाणवत नसतं. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी सुरुवातीला नजर स्वच्छ असते. मूत्रपिंडातून प्रथिनं निसटू लागली तरी लघवी नेहमीसारखीच होते. पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखणं उलट कमी होतं, आणि माणसाला वाटतं, चला, बरं झालं. म्हणून आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. या आजारात तपासणीला त्रास होतो म्हणून जायचं नसतं, तारीख आली म्हणून जायचं असतं.

ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाइप २ मधुमेहाचं, म्हणजे बहुधा प्रौढ वयात हळूहळू सुरू होणाऱ्या मधुमेहाचं, नुकतंच निदान झालेले पाच हजारांहून जास्त लोक त्यात होते. निदान झालं तेव्हाच त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या शरीरात डोळे, नसा किंवा इतर कुठेतरी मधुमेहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे आजार कागदावर आला त्याच्या कितीतरी आधीपासून तो आत काम करत होता. म्हणूनच टाइप २चं निदान झालं की डोळे, मूत्रपिंड आणि पाय त्याच सुमाराला तपासून घ्यायचे असतात. "आधी साखर आटोक्यात येऊ दे, मग बघू" हा क्रम चुकीचा आहे. टाइप १, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो मधुमेह, अचानक सुरू होतो, त्यामुळे तिथे डोळ्यांची पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत केली तरी चालते.

त्याच अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९८ साली आले आणि २००० साली त्याचं पुढचं विश्लेषण आलं. एचबीएवनसी, म्हणजे ज्याला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती एका टक्क्यानं कमी असलेल्यांमध्ये डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसला. नऊवरून सातवर येणं जमत नसेल, तर नऊवरून आठवर येण्यालाही किंमत आहे, हे यातून कळतं. माझ्या मते रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावी अशी ही गोष्ट आहे. आपण मात्र त्याला पथ्याचा छापील कागद देतो आणि मोकळे होतो.

ही तीन महिन्यांची साखर मोजतात कशी? रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते, त्या प्रमाणात ती या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळून गेलात, तर उपाशीपोटीची साखर चांगली येईल, पण एचबीएवनसी फसणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला अभ्यास तिच्यापुढे चालत नाही. ही तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी. बऱ्याच प्रौढांसाठी सातच्या खाली हे लक्ष्य ठेवतात. पण वय खूप असेल, हृदयविकार असेल, साखर एकदम उतरण्याचा इतिहास असेल, तर आठच्या आसपास असणंही योग्य ठरू शकतं. शेजाऱ्याचा आकडा साडेसहा आहे म्हणून आपलाही तेवढाच हवा, असं नसतं. आणखी एक, रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर हा आकडा दिशाभूल करू शकतो. ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आता जरा साखरेच्या पलीकडे जाऊ. मधुमेह म्हटलं की सगळं घर साखरेच्या आकड्याकडे बघतं. पण मधुमेहात सगळ्यात जास्त जीव जातात ते हृदयविकारानं आणि पक्षाघातानं, आणि तिथे रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा वाटा मोठा असतो. डेन्मार्कमध्ये १९९३च्या सुमाराला १६० लोकांवर एक अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना टाइप २ मधुमेह होता आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. निम्म्या लोकांना त्या काळातले नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान या सगळ्यांवर एकाच वेळी लक्ष दिलं गेलं. सुमारे आठ वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. एकवीस वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा त्या गटातले लोक सरासरी जवळपास आठ वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. मला यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वेगळीच वाटते. साखरेचं ठरवलेलं कडक लक्ष्य त्यांतल्या फार थोड्यांना गाठता आलं होतं. तरीही फायदा झाला, कारण बाकीच्या आघाड्या सोडल्या नव्हत्या.

तेव्हा साखरेच्या वहीत रक्तदाबासाठीही एक रकाना आखा. बहुतेकांसाठी १३०/८०च्या खाली हे लक्ष्य असतं. कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असेल, तर "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, मग कशाला?" म्हणून ती परस्पर बंद करू नका. मधुमेहात ती बऱ्याचदा आकड्यासाठी नव्हे, हृदयाच्या संरक्षणासाठी दिलेली असते. आणि तंबाखूबद्दल काय बोलायचं! ओढा नाहीतर चघळा, पायाच्या रक्तवाहिन्यांना त्यातला कुठलाच प्रकार मानवत नाही.

मूत्रपिंडांच्या बाबतीत एक गैरसमज फार पक्का आहे. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठीक." पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढायला लागतं तोवर मूत्रपिंडांची बरीच ताकद गेलेली असते. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडं थोडं जायला लागतं. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढण्याची साधी तपासणी वर्षातून एकदा मागून घ्या. हो, मागून घ्या म्हणतोय, कारण ती राहून जाते. तिथे बिघाड वेळीच सापडला तर मूत्रपिंडांचं नुकसान मंदावणारी चांगली औषधं आज आहेत. डोळ्यांचंही तेच. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

आता पाय. या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पाय कापावा लागण्याच्या बहुतेक घटनांची सुरुवात एका लहानशा जखमेतून झालेली असते. बुटात खडा जातो. नसा शाबूत असतील तर माणूस दोन पावलांत थांबतो. त्या बधिर असतील तर तो दिवसभर त्याच खड्यावर चालतो. संध्याकाळी मोज्याला डाग दिसतो, तेव्हा कळतं. त्यात रक्तपुरवठा कमी असेल, साखर वाढलेली असेल, तर जखम भरत नाही आणि जंतूंना आयतं रान मिळतं. म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय बघायचे. वरून, खालून, बोटांच्या बेचक्यांत. वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. घरातही अनवाणी चालू नका. पायताण घालण्यापूर्वी आत हात फिरवा. पाणी किती गरम आहे ते पायानं बघू नका, कोपरानं बघा. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणारच नाही. कुरूप ब्लेडनं कापणं किंवा त्यावर औषधाची पट्टी लावणं, हे उद्योग घरी नकोत. फोड, चीर, लाली, सूज असं काही दिसलं आणि ते दुखत नसलं, तरी त्याच दिवशी दाखवा. दुखत नाही म्हणून तर जास्त घाई करायची.

दवाखान्यात वर्षातून एकदा तरी चपला-मोजे काढून पाय तपासून घ्या. नायलॉनच्या एका बारीक धाग्यानं तळव्याची संवेदना बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टर विसरले तर आपणच मोजे काढून बसावं. आठवण करून देण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही इतकं ऐकलं असेल की मी थोडक्यात आटोपतो. अर्धं ताट भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं, हे डोळ्यांनी मोजता येतं, वजनकाटा लागत नाही. आधी भाज्या आणि प्रथिनं, मग धान्य, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. फळ खा, त्याचा रस पिऊ नका. 'शुगर फ्री' लिहिलेल्या पदार्थातही बऱ्याचदा पीठ आणि चरबी असते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे हे छोटं चालणं दिसतं त्यापेक्षा जास्त कामाचं असतं. आठवड्याला एकूण १५० मिनिटं वेगानं चालणं आणि दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, एवढं पुष्कळ झालं. फक्त सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

काहींना इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. जानेवारी १९२२मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेली मुलं उपासमारीच्या आहारावर कशीबशी काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं काढत. टाइप २मध्येही कालांतरानं इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाची क्षमता कमी होत जाते. तेव्हा इन्सुलिन लागणं ही रुग्णाची हार नाही, शिक्षा तर नाहीच. इंजेक्शन रोज एकाच जागी मात्र टोचू नका. तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

एक विनंती घरच्यांना. वाढलेल्या आकड्यावरून रोज खटला भरवू नका. ताण, अपुरी झोप, सर्दी-ताप, स्टेरॉइडची औषधं, कशानंही साखर चढते. बोलणी बसली की माणूस खाणं लपवतो, मग आकडे लपवतो, आणि शेवटी तपासणीच टाळतो. त्यापेक्षा जेवणानंतर त्याच्याबरोबर चालायला निघा.

आजारपणात, उलट्या-जुलाब होत असताना, पाणी पीत राहा आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. खाणं कमी झालं म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. टाइप १मध्ये तर ते जिवावर बेतू शकतं. काही गोळ्या मात्र अशा वेळी थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते बरं असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

आणि शेवटी, साखर उतरण्याबद्दल. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, कधी माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलतो. साखर ७०च्या खाली असेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्यायची. साधारण तीन छोटे चमचे. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. गाडी चालवत असाल तर आधी बाजूला थांबा. माणूस शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. घरात ग्लुकागॉन, म्हणजे उतरलेली साखर वाढवणारं औषध, ठेवलेलं असेल, तर ते कसं द्यायचं हे किमान दोघांना तरी आलं पाहिजे. ज्याला मधुमेह आहे तो त्या दोघांत धरायचा नाही.